पट्टा वाचता आला नाही



पक्ष्यांचे फोटो काढताना कॅमेऱ्यातले आकडे कसे ठरवायचे, यावर आज आम्ही बोलणार आहोत. रेडिओवरून फोटो दाखवता येत नाही, त्यामुळे हे बोलणं म्हणजे साडी न उलगडता तिचा काठ समजावण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली, की बराचसा विषय आपोआप कळेल.

आम्ही सातजणी उजनीच्या पाण्याकाठच्या. भीमेवरच्या धरणाचं पाणी मागे आमच्या गावांपर्यंत पसरलेलं आहे. पावसाळ्यानंतर ते हळूहळू उतरतं, काठाला चिखलाची दलदल उघडी पडते आणि हिवाळ्यात तिथं पक्षी येतात. फ्लेमिंगो बघायला पुण्या-मुंबईची माणसं भिगवण, कुंभारगाव, डिकसळला येतात. आमच्यातल्या तिघी या पाहुण्यांना जेवण करून घालतात, दोघी शाळेत शिकवतात, एकीचं किराणा दुकान आहे, एकीच्या शेळ्या आहेत. पाहुण्यांचे लांबलचक कॅमेरे बघून बघून आम्हालाही वाटलं, की आपल्या दारातले पक्षी आपणही टिपावेत. दोन वर्षं भिशी लावली आणि एक जुना कॅमेरा घेतला, सोबत ७० ते ३०० मिलिमीटरची लेन्स. सातजणींत एक कॅमेरा. आठवड्याला एकीकडे, आणि कुणाच्या घरी काही कार्यक्रम असला तर तिच्याकडे.

आता ती सकाळ. जानेवारी होता, संक्रांत होऊन गेलेली. आम्ही चौघी होडीत होतो. सूर्य नुकता वर आला होता, पाण्यावर धुकं होतं. काठच्या हरभऱ्याच्या रानात आठ-दहा पट्टकदंब चरत होते. हा हंसाच्या जातीचा पक्षी, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेट या भागांत याची वीण होते आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून तो आपल्याकडे येतो. त्यातल्या एकाच्या गळ्यात रंगीत पट्टा होता आणि पट्ट्यावर अक्षरं.

असा पट्टा किंवा पायातलं कडं शास्त्रज्ञ मुद्दाम घालतात. त्यावरचा क्रमांक वाचता आला तर त्या पक्ष्याला कुठे, कधी पकडून सोडलं होतं ते शोधता येतं. आपल्याकडे हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी कित्येक वर्षं करते आहे. म्हणजे त्या पक्ष्याच्या गळ्यात त्याचा पत्ता होता. फक्त वाचायचा होता.

आम्ही बेचाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर सगळे चांगले दिसत होते. आनंदानं घरी आलो, शाळेच्या संगणकावर फोटो मोठे केले, आणि पट्ट्यावरची अक्षरं शाई ओली असताना बोट फिरवावं तशी पुसलेली. बेचाळीसपैकी एकातही ती वाचता आली नाहीत. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांकडे फोटो पाठवले, त्यांनाही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. हरभरा तिथंच होता, पक्षी गेलेले होते.

फोटोबरोबर कॅमेरा आकडेही लिहून ठेवतो. ते बघितले तेव्हा कारण कळलं. आयएसओ १००, शटर १/६०. आदल्या दिवशी कॅमेरा हळदीकुंकवाला गेला होता. अंगणात भर दुपारी वाण देतानाचे फोटो काढले, उजेड भरपूर म्हणून आयएसओ १०० वर ठेवला, आणि तसाच तो आमच्या हातात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुक्यात, हलत्या होडीत, तोच आकडा.

आता हे आकडे म्हणजे काय ते सांगतो. कॅमेऱ्यात उजेड भरणं म्हणजे नळाखाली हंडा भरणं. तोटी किती उघडली, त्याला अपर्चर म्हणतात. किती वेळ उघडी ठेवली, ते शटर. तोटी मोठी उघडली तर थोड्या वेळात हंडा भरतो, बारीक सोडली तर वेळ लागतो. अपर्चरचा आकडा मात्र उलटा चालतो. एफ ५.६ म्हणजे तोटी जास्त उघडी आणि एफ ११ म्हणजे बारीक. आमच्यातल्या दोघींना हे पाठ व्हायला महिना लागला, त्यामुळे लगेच कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

तिसरा आकडा आयएसओचा. त्याला हंड्याचं उदाहरण लागू पडत नाही, पण तुमच्या हातातला रेडिओ पडतो. स्टेशन लांबचं असलं, आवाज बारीक येत असला की आपण आवाजाचं बटण पिरगाळतो. आवाज वाढतो, पण त्याबरोबर खरखरही वाढते. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो आणि त्याच्या अंगावर बारीक दाणे येतात. ही फोटोतली खरखर.

इथंच बहुतेकींचं चुकतं, आमचंही चुकलं. खरखरीची भीती वाटते म्हणून आपण आयएसओ कमी ठेवतो. मग हंडा भरण्यासाठी कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. एका सेकंदाचा साठावा भाग ऐकायला केवढासा वाटतो! पण तेवढ्यात होडी डुलते, हात हलतो, पक्षी मान वळवतो, आणि फोटो हलतो. तुम्हीच विचार करा. रेडिओत खरखर असली तरी निवेदिका काय म्हणाली ते कळतं. शब्दच पुसले गेले तर आवाज कितीही स्वच्छ असून काय कळणार? त्या दिवशी आयएसओ १०० ऐवजी १६०० असता, म्हणजे सोळापट, तर तेवढ्याच उजेडात शटर १/१००० च्या आसपास मिळालं असतं. फोटो दाणेदार आला असता, पण अक्षरं वाचता आली असती. दाणे संगणकावर नंतर पुष्कळ कमी करता येतात. हललेला फोटो मात्र दुरुस्त करू म्हणून होत नाही.

म्हणून आम्ही आता आधी शटर ठरवतो आणि बाकीचं त्याच्या मागून येऊ देतो. कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर त्यासाठी एक खूण असते. कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘टीव्ही’ अशी अक्षरं असतात, त्यांचा दूरदर्शनशी संबंध नाही. निकॉनवर नुसता ‘एस’ असतो. चकती तिथं ठेवली की शटर आपण सांगायचं, अपर्चर कॅमेरा बघतो. आयएसओ ‘ऑटो’ वर ठेवायचा आणि तो फार तर कुठवर जाऊ द्यायचा ती मर्यादा मेनूत जाऊन घालायची. आम्ही ६४०० घातली आहे. ऊन वर आलं की कॅमेरा स्वतःच आयएसओ खाली आणतो. अनुभवी माणसं ‘एम’ वर शटर आणि अपर्चर दोन्ही स्वतः ठरवतात आणि आयएसओ ऑटो ठेवतात. तेही चांगलं. पण आमच्या जुन्या कॅमेऱ्यात तसं केलं की फोटो उजळ-गडद करण्याचं अधिक-उण्याचं बटण चालत नाही, आणि ते बटण आम्हाला लागतं. का लागतं ते पुढे सांगतो.

शटर किती ठेवायचं? लेन्स जेवढी लांब, तेवढा हाताचा कंप मोठा दिसतो. आमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० ची लेन्स असेल तर जमिनीवर उभं राहूनसुद्धा १/५०० च्या खाली जाऊ नये. होडीतून निदान १/१०००. लेन्सवर हात स्थिर करणारं बटण असतं. त्याचा उपयोग होतो, पण ते फक्त आपला कंप सांभाळतं. पक्षी हलला तर ते काही करू शकत नाही.

आणि उभा दिसणारा पक्षी उभा असतोच असं नाही. फ्लेमिंगो बघा. लांबून वाटतं, कसा शांत उभा आहे. पण चोच उलटी करून तो चिखल गाळत असतो आणि डोकं सारखं इकडून तिकडे चालू असतं. १/२५० वर आमच्या पहिल्या वर्षीच्या फोटोंत पाय सुईसारखे रेखीव आणि डोकं धुरकट आलं. पक्ष्याचा डोळा स्पष्ट नसेल तर बाकी फोटो कितीही चांगला असला तरी आम्ही तो पुसतो. चरणाऱ्या फ्लेमिंगोला, शेकाट्याला १/१०००. उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगो, राखी बगळा, चित्रबलाक यांना १/१६००. नदी सुरय किंवा कवड्या खंड्या पाण्यात सूर मारतो त्याला १/२५००, आणि तरी दहांतला एखादा साधतो. कवड्या खंड्या सूर मारण्याआधी हवेत एका जागी फडफडत थांबतो. तेवढ्यात त्याच्यावर फोकस धरून ठेवायचा.

फोकसचंही एक बटण आहे. साध्या ठेवणीत कॅमेरा एकदा फोकस करतो आणि तिथंच थांबतो. पक्षी पुढे आला की फोकस मागे राहतो. कॅननवर ‘एआय सर्व्हो’, निकॉनवर ‘एएफ-सी’ असं लिहिलेलं असतं, ते निवडलं की बटण अर्धं दाबून ठेवलं तोवर कॅमेरा पक्ष्याचा माग धरतो. फोकसचे सगळे ठिपके चालू ठेवू नका, नाहीतर तो पक्षी सोडून पुढची पाणवनस्पती पकडतो. मधला एकच ठिपका घ्या आणि तो डोळ्यावर ठेवा. उडत्या पक्ष्याला एका ठिपक्यात धरणं जड जातं, तेव्हा मधले चार-पाच चालतील.

आता ते अधिक-उणे. कॅमेऱ्याला वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी असावी. समोर चमकणारं पाणी जास्त असलं की तो म्हणतो, फारच उजेड आहे, आणि सगळा फोटो गडद करतो. मग त्या पाण्यातला वारकरी, म्हणजे काळा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पाणपक्षी, तो नुसता कोळशाचा गोळा दिसतो. तिथं अधिक एक करायचं. पाणकावळ्यालाही तेच. उडता पक्षी पांढुरक्या आभाळावर असेल तरी अधिक एक. उलट गडद हिरव्या पाणकणसात एकटा पांढरा बगळा बसला असेल तर कॅमेरा अंधार समजून फोटो उजळतो आणि बगळ्याची पिसं चुन्यासारखी सपाट पांढरी होतात. तिथं उणे एक. पांढरं एकदा असं गेलं की त्यातली पिसं परत दिसत नाहीत, काळोख थोडाफार तरी उजळता येतो. मेनूत एक सोय असते, ती चालू केली की फोटोतला जास्त पांढरा पडलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. बगळ्याच्या अंगावर लुकलुक दिसली की लगेच एक पायरी खाली यायचं. हे सुरुवातीला लक्षात राहत नाही. आम्ही घरी कोंबड्यांवर सराव केला. पांढरी कोंबडी, काळी कोंबडी, शेणाने सारवलेलं अंगण आणि दुपारचं ऊन. याहून चांगली शाळा नाही, आणि कोंबडी उडूनही जात नाही.

अपर्चरबद्दल फार सांगत नाही. एकटा पक्षी असेल तर आमच्या लेन्सला ३०० वर मिळणारं सर्वांत मोठं, एफ ५.६ बरं पडतं, मागचं धूसर होतं आणि उजेड मिळतो. आगेमागे दोन-तीन पक्षी असतील आणि सगळे स्पष्ट हवे असतील तर ऊन भरपूर असताना एफ ८.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यांनी सुधारत नाही. दहा-साडेदहा वाजले की पाण्यावरची, चिखलावरची हवा तापून थरथरायला लागते, चुलीच्या वर दिसते तशी. लांबचा पक्षी मग कितीही शटर वाढवा, लोण्यासारखा पाघळलेला येतो. पाहुण्यांना वाटतं लेन्स बिघडली. लेन्स ठीक असते, वेळ चुकलेली असते. अशा वेळी आम्ही कॅमेरा पिशवीत घालतो आणि भाकरी थापायला जातो.

आता जरा अवघड बोलतो. पाहुण्यांना सगळ्यांत जास्त हवा असतो तो उडत्या थव्याचा फोटो. पंख उघडले की आतला गुलाबी आणि काळा रंग दिसतो, त्याचा मोह पडतो हे खरं आहे. मग कुणीतरी नावाड्याला म्हणतं, “दादा, जरा होडी जवळ घाला की, उडतील.” वर पैसे देतात. आमच्यातल्या दोघींच्या घरची होडी आहे, त्यामुळे हे पैसे कुठे जातात ते आम्हाला ठाऊक आहे. ते फीच्या वह्यापुस्तकांत जातात. तरीही आम्ही घरात भांडून हे बंद केलं. फ्लेमिंगो चरायला येतो. दिवसातून सहा वेळा त्याला उठवलं तर तो चरणार कधी? आणि वारंवार उठवलेली जागा पक्षी सोडतात. पक्षी गेले तर पाहुणे जातील आणि आमची खानावळही. एका पाहुण्यानं रागावून जेवणाचे पैसे कमी दिले. दिले तर दिले.

त्याच्याऐवजी आम्ही त्यांना वाट बघायला शिकवतो. फ्लेमिंगो उडण्याआधी सांगून उडतो. खाली घातलेल्या माना वर येतात, थवा एकत्र होतो, सगळे एका दिशेनं पावलं टाकायला लागतात. मोठा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून पळत पळत उठतो. म्हणजे वारा कुठून येतो ते ओढणीच्या टोकानं बघायचं आणि तो पाठीवर घेऊन थांबायचं, पक्षी आपल्याकडे तोंड करून उठतात. माना वर आल्या की शटर १/१००० वरून १/१६०० वर न्यायचं, एकामागून एक फोटो निघण्याचं बटण चालू आहे ना बघायचं, आणि थांबायचं. कधी दलदली भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, वरून एक फेरी मारतो आणि अख्खं पाणी उठतं, बदकं, शेकाटे, सगळे. त्या दोन मिनिटांत आकडे शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. होडीत बसतानाच ते तयार हवेत.

त्या पट्टकदंबाच्या सकाळनंतर आमच्यात दोन दिवस अबोला होता. हळदीकुंकवाला कॅमेरा नेणाऱ्या मैत्रिणीला आम्ही बोललो होतो. ती म्हणाली, “बेचाळीस वेळा बटण दाबलंत, एकदा तरी आकडा बघितलात का?” तिचं बरोबर होतं. पडद्याच्या खाली १/६० असं ढळढळीत लिहिलेलं होतं आणि चौघींपैकी एकीनंही वाचलं नाही. फोटो मोठा करून बघण्याचं भिंगाचं बटणही तिथंच होतं. दुसऱ्याच फोटोला ते दाबलं असतं तर उरलेले चाळीस तरी वाचले असते. त्या पट्टकदंबानं आम्हाला वेळ दिला होता. जवळजवळ पंधरा मिनिटं तो तिथंच हरभरा खात होता.

आता पिशवीच्या आत कापडाला एक चिठ्ठी शिवलेली आहे. चकती ‘टीव्ही’वर, शटर १/१०००, आयएसओ ऑटो, अधिक-उणे शून्यावर, फोकस सर्व्हो, ठिपका मधला, बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं. जिनं वापरला तिनं परत देताना असं लावायचं. आणि जी घेईल तिनं, लावलेलं असणारच असं न मानता, पुन्हा बघायचं. घराबाहेर पडल्यावर पहिला फोटो समोरच्या विजेच्या खांबाचा काढायचा आणि खांबावरचा नंबर मोठा करून वाचायचा. नंबर वाचता आला तर पुढे.

ज्यांच्याकडे मोबाईलच आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करू नका, त्यानं फक्त चित्र फाटतं. दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाईलचं भिंग नीट टेकवा, पडद्यावर पक्ष्यावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस तिथं अडकतो, आणि शेजारी सूर्याची खूण येईल ती खाली ओढून बगळ्याचा पांढरा रंग सांभाळा. दुर्बीण हातात न धरता होडीच्या काठावर किंवा खांबावर टेका. गळ्यातला पट्टा वाचण्यापुरता फोटो अशानंही निघू शकतो.

पट्ट्याचा किंवा कड्याचा पक्षी दिसला तर तारीख, वेळ, जागा, सोबत किती पक्षी होते, पट्टा कुठल्या रंगाचा आणि गळ्यात होता की पायात, पायात असेल तर डाव्या की उजव्या, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. फोटोसाठी त्याच्या अंगावर जाऊ नका.

येत्या रविवारी सकाळी सव्वासहाला आम्ही धक्क्यावर असू. थंडी आहे, स्वेटर आणा, भडक रंगाचं काही घालू नका. कॅमेरा असेल तर आदल्या रात्री चार्ज करा. आल्या आल्या विजेच्या खांबाचा फोटो काढायला लावणार आहोत.

नमस्कार.